प्लास्टिकमुक्त इफ्तार

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला नेल्याशिवाय राहत नाही! इजिप्तमधल्या आमच्या मन्सूरा शहराच्या पाटबंधारे खात्यात कुणालाही विचारा. ‘उस्ताद सबरींनी फाईल हातात घेतली की कालवा आपणहून वाहायला लागतो,’ असं आमचे साहेब चारचौघांत म्हणतात. ते चेष्टेनं म्हणतात, असं माझी बायको इन्शिराह म्हणते. पण ती पडली घरची! तिला माझी किंमत कुठून कळणार?

तर झालं असं, की रमजान आठवड्यावर आला असताना ऑफिसात एका प्राध्यापक बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय : प्लास्टिक आणि आपलं अन्न. मी गेलो होतो पंख्याखाली बसायला. पण बाई बोलायला लागल्या आणि माझी झोपच उडाली! म्हणे, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात कसली कसली रसायनं घालतात. आपण त्यात गरम, तेलकट, आंबट काही भरलं की ती रसायनं हळूच अन्नात उतरतात. तिथून पोटात. आणि मग शरीरातल्या हार्मोन्सचा जो काही गोंधळ होतो, तो आमच्या खात्यातल्या बदल्यांच्या गोंधळापेक्षाही वाईट!

माझ्या डोळ्यांसमोर आमचा फ्रीजर उभा राहिला आणि धाबंच दणाणलं.

इन्शिराहचा फ्रीजर म्हणजे साधा फ्रीजर नव्हे. रमजानच्या आधी महिनाभर ती त्यात दारूगोळा साठवत असते. खुडून बारीक चिरलेली मुलूखियाची पालेभाजी, भेंडी, वाटाणे, द्राक्षाच्या पानांच्या भरलेल्या गुंडाळ्या, टोमॅटोचा रस, मटणाचं सूप... आणि सगळं कशात? प्लास्टिकच्या पिशव्यांत! सूप तर गरम गरमच ओतलेलं! म्हणजे आम्ही इतकी वर्षं रोजे सोडत होतो ते रसायनांनी!

बाईंचं व्याख्यान अजून अर्धं बाकी होतं. ‘आता आपण काय करू शकतो ते पाहू,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा मी दारातून बाहेर पडलो होतो. काय करायचं ते मला कळलं होतं की! मला कुणी सांगावं लागत नाही.

योग असा, की त्याच दिवशी इन्शिराह नदीपलीकडे बहिणीकडे गेली होती आणि आमची लेक रबाब कॉलेजात. मी बाह्या सरसावल्या. जुन्या लोणच्याच्या, मुरंब्याच्या, कॉफीच्या, मिळतील तितक्या काचेच्या बरण्या गोळा केल्या. कमी पडल्या त्या बाजारातून आणल्या. आता गोठलेला दगड बरणीच्या तोंडातून आत जाणार कसा? मग सगळ्या पिशव्या टबात गरम पाण्यात सोडल्या. सगळं वितळलं. एकेक पिशवी फाडून बरण्या भरल्या, अगदी काठोकाठ! हवा आत राहिली की अन्न नासतं, एवढं विज्ञान मला ठाऊक आहे. झाकणं अशी आवळली की पैलवानालाही सुटू नयेत. आणि बरण्यांची पलटण पुन्हा फ्रीजरमध्ये उभी केली.

मग मोर्चा कपाटाकडे. प्लास्टिकचे डबे, वाट्या, आइस्क्रीमची रिकामी खोकी, सगळं गोणीत भरून खाली कचऱ्यात! त्यातल्या एका खोक्यात आइस्क्रीमऐवजी इन्शिराहच्या सुया, दोरे, बटणं आणि तिच्या लग्नातल्या झग्याचे मोती होते, हे मला नंतर कळलं. बरंच नंतर.

संध्याकाळी इन्शिराह आली. मी फ्रीजरचं दार नाटकातल्या पडद्यासारखं उघडलं. तिनं एक बरणी उचलून उजेडात धरली.

“रबाबच्या बापा,” ती हळू आवाजात म्हणाली, “वितळलेलं पुन्हा गोठवलंस?”

“विषमुक्त केलं!”

“मला विचारायचं तरी होतंस. नाव सबरी, आणि अंगात सबुरीचा पत्ता नाही!”

“उद्या आभार मानशील,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ‘फट्!’ असा आवाज झाला. मग ‘फट्-फट्!’ मी पलंगावरून खाली. तेवढ्यात दारावर धडका! वरच्या मजल्यावरचे रुश्दी बे (‘बे’ म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’), निवृत्त पोलीस अधिकारी, पायजम्यावर कोट चढवून हातात काठी घेऊन उभे.

“खिडक्यांपासून लांब व्हा! हा पिस्तुलाचा आवाज आहे. चाळीस वर्षांची नोकरी आहे माझी!”

“बे, आवाज स्वयंपाकघरातून येतोय,” रबाब म्हणाली.

“म्हणजे मारेकरी आत आहे!”

मारेकरी आतच होता, पण पायात सपाता घालून रुश्दी बेंच्या मागे लपला होता! पाणी गोठलं की फुगतं, ही गोष्ट पाटबंधारे खात्यात हयात घालवून मी विसरलो होतो. पण आमच्या कालव्यांत कधी बर्फ होतो का? तुम्हीच सांगा!

फ्रीजर उघडला तर आत हिरव्या मुलूखियात काचा चमकत होत्या. गुंडाळ्यांत काचा, वाटाण्यांत काचा, सूप तर काचेच्या खडीसाखरेसारखं दिसत होतं. रुश्दी बेंनी आत डोकावून ‘जीवितहानी नाही’ असा अहवाल दिला आणि गेले.

इन्शिराह ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. मुलूखिया खुडून खुडून तिच्या नखांशी अजून हिरवं होतं.

“रमजानच्या पहिल्या शुक्रवारी तुझा भाऊ येणार आहे,” एवढंच ती म्हणाली. “इतक्या दिवसांनी. आणि मी त्याच्यासमोर काय ठेवू? तुझं व्याख्यान?”

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

आता हा भाऊ म्हणजे माझा थोरला, हाजी बयूमी. आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकलंत तर हसाल. कप सामन्यात शेवटच्या मिनिटाला पंचानं पेनल्टी दिली. दादा म्हणाला, ती पेनल्टी नव्हती. मी म्हणालो, होती. तो म्हणाला, तू आंधळा आहेस. मी म्हणालो, तू म्हातारा आहेस. झालं! दोन रमजान ईद आल्या आणि गेल्या, पण एकमेकांच्या घरची कडी वाजली नाही. शेवटी इन्शिराह आणि दौलत वहिनी यांनीच फोनाफोनी करून हा शुक्रवारचा इफ्तार जुळवून आणला होता.

म्हणजे त्या फ्रीजरमध्ये नुसती भाजी नव्हती हो, माझा भाऊ होता.

मी इन्शिराहच्या पाठीला सांगितलं, “जेवण तू कर, पण सरबत माझ्यावर सोड. असं चिंचेचं सरबत करतो की दादा पेनल्टीच काय, फुटबॉलसुद्धा विसरेल!”

पाठ काही बोलली नाही. ह्यालाच होकार समजायची माझी सवय आहे.

दरवर्षी सरबताची चिंच प्लास्टिकच्या बादलीत भिजायची. चिंच आंबट, म्हणजे रसायनं भराभर उतरणार! काचेवर तर माझा विश्वासच उडाला होता. मग भिजवायचं कशात? माझी नजर गेली कपाटाच्या वर. तिथं इन्शिराहच्या आजीचा तांब्याचा हंडा होता. त्यात कागदी गुलाब खोचलेले. मी गुलाब काढले, धूळ झटकली, हंडा विसळला.

“बाबा,” रबाब म्हणाली, “ह्याला आतून पांढरा लेप असतो ना? तो दिसत नाहीये.”

“बेटा, तुझे पूर्वज पिरॅमिड बांधत होते तेव्हा काय प्लास्टिकच्या ग्लासातून पाणी पीत होते? तांबं! शुद्ध तांबं!”

“पूर्वज फार लवकर मरायचे, बाबा.”

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. गुरुवारी रोजा सोडल्यावर हंडाभर पाण्यात चिंच भिजत घातली. शुक्रवारी दुपारी नमाजाहून येऊन चिंच कुस्करली, गाळली, साखर घातली. आणि काय सांगू! हंड्याच्या आत पाहिलं तर जिथवर सरबत होतं तिथवर तांबं असं लखलखत होतं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा!

“इन्शिराह! बघ, बघ! आजीचा हंडा आतून नवरीसारखा उजळलाय!”

तुम्ही कपाळाला हात लावला असेल. तुमच्या घरी तांब्याची भांडी घासायला चिंच लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण माणसाच्या डोक्यात दोन कप्पे असतात, एकात शहाणपण आणि दुसऱ्यात उत्साह. त्या दिवशी दुसराच उघडा होता. आणि चव घेऊन बघावी, तर रोजा! सूर्य मावळेपर्यंत जिभेला थेंब लावायची सोय नाही. एरवी पहिल्याच घोटाला कळलं असतं.

पहाटेच्या त्या गोळीबाराबद्दल माफी म्हणून एक मोठा जग भरून रुश्दी बेंच्या घरी पाठवला. मी तसा दिलदार आहे.

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, जरा आधी दादा आणि दौलत वहिनी आले. दादा जरा वाळला होता. विचारावंसं वाटलं, पण पहिलं कोण बोलणार? तो सोफ्याच्या ह्या टोकाला, मी त्या टोकाला. मधे कुनाफ्याच्या मिठाईचं खोकं, पंच असल्यासारखं!

“दौलत,” दादा छताकडे बघत म्हणाला, “ह्याला विचार, रक्तदाब कसा आहे.”

“वहिनी, त्यांना सांगा, ठीक आहे. त्यांचा गुडघा?”

“दौलत, सांग, दुखतो.”

“अरे, मी काय टेलिफोन आहे?” वहिनी म्हणाली.

एवढ्यात बांग झाली. खजूर तोंडात टाकले आणि मी स्वतःच्या हातानं ग्लास भरून दादापुढे धरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! ग्लास घेतला आणि दिवसभराच्या तहानेनं एका दमात रिकामा केला.

त्याचा चेहरा जरासा हलला.

“चव... निराळी आहे,” तो म्हणाला. चक्क माझ्याशी म्हणाला! “नाणं चोखल्यासारखी.”

“तेच तर, दादा! हीच अस्सल चव! प्लास्टिकनं आपल्या जिभा बिघडवल्यात. अजून घे!”

आता बघा, दादाला ते मुळीच नको होतं. पण इतक्या दिवसांनी भाऊ हातानं देतोय, नाही कसं म्हणणार? तो दुसरा ग्लास प्यायला. मलाही ते गंजलेला नळ चाटल्यासारखं लागत होतं. पण दादा दोन पितोय आणि आपण मागे? मी तीन प्यायलो! नवऱ्यावर राग असला तरी पाहुण्यांसमोर तमाशा नको, म्हणून इन्शिराह एक प्यायली. रबाब अर्धा. दौलत वहिनीनं मात्र ग्लास बाजूला सरकवला. “मला पित्त आहे, आंबट चालत नाही.”

सूप निम्मं संपलं असेल. दादाचा चमचा हवेत थांबला. चेहऱ्यावर आधी पिवळा रंग आला, मग हिरवा.

“सबरी,” तो म्हणाला, “तुमचं न्हाणीघर...”

“डावीकडे!”

तो गेला. आतून जो आवाज आला तो ऐकून माझ्याही पोटात ढवळलं. मी उठलो. इन्शिराह उठली. रबाब तर आधीच दाराशी. चार माणसं आणि न्हाणीघर एक! दादा बाहेर आला, मी आत गेलो. मी बाहेर आलो, इन्शिराह आत. ती बाहेर येते तो दादा पुन्हा दाराशी.

“तू जा, दादा. तू मोठा.”

“नको, तू जा. तुझा चेहरा वाईट दिसतोय.”

इतकं प्रेम आम्हा भावांत लहानपणीसुद्धा नव्हतं!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. रुश्दी बे! एका हातात काठी, दुसऱ्या हातानं पोट धरलेलं, आणि काखेत माझा रिकामा जग.

“कुणीही जागचं हलायचं नाही! विषप्रयोग झालाय!”

“बे, मला हलावंच लागेल,” असं म्हणून रबाब पळाली.

रुश्दी बेंनी खोलीवरून नजर फिरवली. टेबलावर एकच ग्लास भरलेला होता. त्यांनी काठी रोखली. “हा कुणाचा?”

“माझा,” दौलत वहिनी म्हणाली. ती एकटीच शांतपणे भरलेली कोबीची पानं खात होती.

“सगळे प्यायले. फक्त तुम्ही नाही! का?”

“पित्त आहे मला.”

“सगळ्या आरोपींना पित्तच असतं!”

“अहो,” वहिनी उसळून उभी राहिली, “ह्या माणसाला मारायचं असतं तर जन्मभर ह्याचे पायजमे कशाला धुतले असते? पहिल्याच वर्षी उरकलं नसतं?”

“बघा! विचार डोक्यात होता!” रुश्दी बे ओरडले, आणि लगेच तोंडावर हात दाबून न्हाणीघराकडे धावले.

दादा भिंतीला टेकून उभा होता. घाम डबडबलेला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते डोळे मी अजून विसरलेलो नाही.

“सबरी,” तो क्षीण आवाजात म्हणाला, “एका पेनल्टीसाठी?”

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. “दादा! काय बोलतोस! मी तीन ग्लास प्यालोय! तुझ्यापेक्षा एक जास्त!”

“मग तू मूर्ख आहेस,” तो म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. खुनी भावापेक्षा मूर्ख भाऊ केव्हाही बरा!

रुश्दी बेंच्याच गाडीतून आम्ही सगळे इस्पितळात गेलो. एकट्या ठणठणीत असलेल्या दौलत वहिनीनं गाडी चालवली. रुश्दी बे शेजारी बसून तिच्यावर पाळत ठेवत होते. मागच्या सीटवर दादाचं डोकं माझ्या खांद्यावर. वाटेत दोनदा थांबावं लागलं. कशासाठी ते विचारू नका.

तपासायला एक तरुण डॉक्टर बाई होत्या. बिचाऱ्यांचा स्वतःचा इफ्तार अर्धवट राहिला होता. हातात अजून खजूर होता.

“काय खाल्लं?”

“सरबत, चिंचेचं,” मी म्हणालो. “पण अगदी शुद्ध! प्लास्टिकचा स्पर्शही नाही!”

“मग कशात केलं?”

“तांब्याच्या हंड्यात. रात्रभर भिजवून.”

“हंड्याला कल्हई होती?”

मी रबाबकडे पाहिलं. रबाबनं डोळे मिटल्या मिटल्या उत्तर दिलं, “नव्हती. मी बोलले होते.”

डॉक्टर बाईंनी खजूर खाली ठेवला. “अहो काका, आमच्या घरी तांब्याची भांडी चिंचेनं घासतात. भांडी घासलेलं पाणी ओतून देतात. तुम्ही त्यात साखर घालून पाहुण्यांना दिलंत!”

रुश्दी बेंनी सलाईन लावलेल्या हातानं दौलत वहिनीला सलाम ठोकला आणि आपण तपास मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

“घाबरू नका,” डॉक्टर बाई म्हणाल्या, “बहुतेक उलटून पडलंय. रक्त तपासू, उद्यापर्यंत लक्ष ठेवू.”

पण माझा जीव अजून एकाच ठिकाणी अडकला होता. “डॉक्टर, मग ते प्लास्टिकचं... ते खोटं की काय?”

“खोटं कशाला? खरंच आहे ते. गरम, तेलकट, आंबट पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवूच नयेत. सूप आधी गार करावं. स्टीलचा डबा वापरावा. बरणी गोठवायची तर वर चार बोटं जागा सोडावी. बस्स! एवढ्यासाठी अख्ख्या इमारतीला सलाईन लावायची गरज नव्हती.”

म्हणजे माझा मुद्दा बरोबर होता! मी इन्शिराहकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दादाची खाट माझ्या शेजारीच होती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “सबरी, झोपलास?”

“नाही, दादा.”

“मी त्या पेनल्टीचा पुष्कळ विचार केला. होती रे. तुझं बरोबर होतं.”

मी कोपरावर उठलो. “नाही, दादा. मीही नंतर पुन्हा पाहिलं. नव्हती. तुझंच बरोबर होतं.”

“अरे, होती म्हणतो ना!”

“नव्हती, दादा! त्याचा पाय आधीच घसरला होता!”

“तुला काय कळतं? आंधळा आहेस तू!”

“गप्प बसा दोघं!” इन्शिराह पलीकडच्या खाटेवरून कडाडली. “आणि तू, उंटावरच्या शहाण्या! पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस तर तुलाच बरणीत भरून गोठवीन!”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या काचांच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली होती. दादा आणि मी पांघरुणात तोंड खुपसून हसलो, पोट दुखेपर्यंत. ते आधीच दुखत होतं म्हणा.

पुढं सगळं सुरळीत झालं. दादा आता दर शुक्रवारी येतो, सरबत घरून आणतो. इन्शिराहच्या फ्रीजरमध्ये हळूहळू स्टीलचे डबे आले. तेही तिनं आणले, मी नाही.

ईद झाल्यावर पहिल्याच सुट्टीच्या सकाळी तिनं माझ्या हातात एक नवाकोरा स्टीलचा डबा दिला. “मुदम्मस घेऊन ये. ह्यात. आणि वाटेत कुणाला काही शिकवू नकोस.”

चौकातल्या गाडीवर ही गर्दी! मुदम्मस म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या, पावट्यासारख्या दाण्यांची वाफाळती उसळ, आणि प्रत्येकाच्या हातात गरम, फुगलेली पिशवी. मी मात्र डबा घेऊन ताठ उभा. काही बोललो नाही, पण डबा जरा उंच धरला, एवढंच. लोक वळून वळून पाहत होते.

“वा, उस्ताद!” गाडीवाला माझा नंबर आल्यावर म्हणाला. “काय सुरेख डबा! आरशासारखा!”

“ह्यातच द्या,” मी दोनच शब्द बोललो.

“देतो की!” म्हणून त्यानं पळीभर मुदम्मस काढली, झर्रकन एका पिशवीत ओतली, गाठ मारली, पिशवी अलगद डब्यात ठेवली आणि झाकण लावून माझ्या हातात दिली.

“डबा खराब व्हायला नको, उस्ताद!”

मागे रांग खोळंबली होती. त्याच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम होतं! मी ‘अल्ला तुमचं भलं करो’ म्हणालो आणि निघालो.

“डब्यात आणलंस ना?” इन्शिराहनं आतल्या खोलीतून विचारलं.

“डब्यातच!” मी म्हणालो. त्यात खोटं काय होतं?

मग स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं आणि पिशवी डब्यात रिकामी करायला दाराकडे पाठ करून उभा राहिलो. मेला गाडीवाला गाठ अशी घट्ट मारतो हो, की शेवटी दातांनीच सोडवावी लागली.